लाकडी खिडक्या बदलायच्या, ब्लाइंड्स मात्र तेच ठेवायचे

आमच्या हॉलच्या खिडकीचं काम संपलं त्या दिवशी सगळं मस्त दिसत होतं, नवीन फ्रेम, नवीन काच, पल्ला एका बोटाने बंद होतोय, आणि संध्याकाळी मी जुना ब्लाइंड परत अडकवून दोरी सोडली तर तो अर्ध्यावर येऊन टक् करून थांबला. बघतो तर खालच्या पट्ट्या नव्या हँडलवर जाऊन बसलेल्या. जुन्या लाकडी खिडकीला चपटी कडी होती, तिचा कधी त्रासच नव्हता, हे नवीन हँडल चांगलं चार सेंटिमीटर आत आलेलं. ब्लाइंड तिथून पोट सुटल्यासारखा पुढे आलेला आणि एका पट्टीला बरोबर मधोमध घडी पडली, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकदा अशी वाकली की कितीही सरळ करा ती रेघ जात नाही. फिटिंगवाल्याची चूक म्हणावी तर त्याला इथे ब्लाइंड आहे हे माहीतच नव्हतं, कारण मापं घ्यायला तो आला तेव्हा मीच शहाणपणा करून ब्लाइंड आधीच उतरवून बेडखाली ठेवला होता.

पुढच्या खिडक्या मी उलट्या क्रमाने केल्या. आधी ब्लाइंड मोजला, मग खिडकीची ऑर्डर दिली. कारण ब्लाइंड तयार होऊन बसलाय, त्याची रुंदी-जाडी ठरलेली आहे, खिडकी अजून बनायची आहे. जी गोष्ट अजून बनायची आहे तिलाच अ‍ॅडजस्ट करायला लावा ना. एकदा फ्रेम भिंतीत बसली, फोम भरला, की मग ब्लाइंडसाठी ती एक मिलिमीटरही हलत नाही.

ब्लाइंड ठेवण्याच्या लायकीचा आहे का

हे आधी बघा, नाहीतर मरायला टेकलेल्या ब्लाइंडसाठी खिडकीचं डिझाइन बदलून बसाल. आडव्या पट्ट्यांचा असेल तर पूर्ण वर घ्या, मग थोडा थोडा खाली सोडत प्रत्येक ठिकाणी लॉक करून बघा, धरून ठेवतो की घसरतो. दोरी जिथे वरच्या रेलमधून बाहेर येते तिथे नखाने चाचपून बघा, धागे सुटलेले असतील तर दोरी बदलायची वेळ झालीये (दोरी बदलता येते, त्यासाठी ब्लाइंड टाकू नका). लाकडी पट्ट्या एका टोकाकडून बघा, सगळ्या एका ओळीत दिसतात की काही पिळवटल्यात. रोलर ब्लाइंड असेल तर कापड पूर्ण खाली सोडून उजेडासमोर धरा, ब्लॅकआउटवाल्याचं मागचं कोटिंग तडकलं असेल तर चांदण्या दिसतील, आणि दोन्ही कडा आतल्या बाजूला वळल्या असतील तर त्या परत सरळ होत नाहीत, हे मी इस्त्री-बिस्त्री सगळं करून बघितलंय.

सगळ्यात दगा देतात ती ब्रॅकेट, म्हणजे ब्लाइंड ज्यात अडकतो त्या कड्या. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक इतकं ठिसूळ होतं की त्याचं झाकण उघडायला गेलात की हातात तुकडा. आणि ब्रॅकेट सगळ्या ब्लाइंडना सारखी चालतात असं बिलकूल नाही, ती हेडरेलच्या, म्हणजे वरच्या चौकोनी नळीच्या मापाची लागतात. त्यामुळे हेडरेलची उंची आणि जाडी मोजून, जमलं तर जुनं ब्रॅकेटच नमुना म्हणून नेऊन, नवीन जोडी कामाच्या आधीच आणून ठेवा.

ब्लाइंड आत बसलाय की बाहेर

खोलीतल्या भिंतीवर, खिडकीच्या खाचेबाहेर लावून ती झाकणारा ब्लाइंड असेल तर तुम्ही नशीबवान. त्याला खिडकीच्या आतल्या मापांशी फार देणंघेणं नसतं. एवढंच बघा की चौकटीभोवतीची लाकडी पट्टी जर नवीन लावणार असाल तर ती जुनीपेक्षा जाड नको, नाहीतर ब्लाइंड तिला घासत खाली येईल, अशा वेळी ब्रॅकेटच्या मागे तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा दिला की झालं.

खरा त्रास आत बसलेल्यांचा, म्हणजे भिंतीच्या जाडीत, चौकटीच्या आत, वरच्या बाजूला स्क्रू मारून अडकवलेल्यांचा. जुन्या लाकडी चौकटीला हे फार सोयीचं असतं, लाकडात कुठेही स्क्रू मारा, बसतो. आता ती चौकटच जाणार, म्हणजे स्क्रू मारायची जागाच जाणार, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येतं ते ब्लाइंड हातात घेऊन स्टुलावर उभं राहिल्यावर.

इथे एक पर्याय आधी तपासा, तो म्हणजे चौकट काढायचीच आहे का. पटाशी किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकटीचे खालचे कोपरे आणि खालचा आडवा भाग टोचत जा. टोक लाकडात न शिरता टणक आवाज येत असेल तर लाकूड अजून धडधाकट आहे, मग फक्त पल्ले आणि काचा बदलून काम भागू शकतं, ब्लाइंडच्या ब्रॅकेटला हातही लावावा लागत नाही. टोक लोण्यात जावं तसं शिरलं, किंवा रंगाच्या खाली पोकळ लागलं, भुसा पडला, तर मात्र चौकट गेली म्हणून समजा, वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त नवीन खिडकीच्या आधी. मधला मार्ग म्हणजे जुनी चौकट ठेवून तिच्याच आत नवीन फ्रेम बसवायची. भिंत फोडावी लागत नाही, पण काचेची जागा चारी बाजूंनी कमी होते, आणि नवीन फ्रेम जर ब्लाइंडच्या जागेत आली तर डेप्थही, म्हणजे भिंतीच्या कडेपर्यंतची मोकळी जागाही खाते.

डेप्थचं गणित, इथेच सगळे फसतात

टेप घेऊन भिंतीच्या आतल्या कडेपासून खिडकीच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागापर्यंत मोजा. सगळ्यात पुढे आलेला भाग म्हणजे काच नाही, फ्रेम पण नाही, कडी, हँडल, जाळीचा ट्रॅक यातलं जे काही सर्वात जास्त आत येतं ते. ही तुमची खरी मोकळी जागा.

मग ब्लाइंड मोजा. हेडरेलची जाडी एक, आणि पट्ट्या आडव्या उघडल्यावर त्या किती जागा घेतात ते दुसरं. पट्ट्या बंद असताना मोजलं तर फसाल, बंद ब्लाइंड एकदम सडपातळ असतो, ५० मिमीच्या पट्ट्या उघडल्या की मधल्या रेषेपासून २५ काचेकडे आणि २५ खोलीकडे जातात. रोलरचं मोजताना कापड पूर्ण गुंडाळलेलं असताना मोजा, तेव्हा तो सगळ्यात जाड असतो.

आमच्या हॉलचंच उदाहरण घ्या, आकडे मी नंतर कागदावर मांडले, आधी मांडले असते तर बरं झालं असतं. जुनी लाकडी चौकट ४५ मिमी जाड, तिच्या पुढे भिंतीच्या कडेपर्यंत ९५ मिमी मोकळे. नवीन फ्रेम ७० मिमी जाड, बाहेरची लाइन तीच ठेवली, म्हणजे ती आतल्या बाजूला २५ ने वाढली, राहिले ७०. त्यातून हँडल बाहेर आलं ४२. शिल्लक २८. आणि माझ्या ब्लाइंडला लागत होते ५०च्या वर. २८ मध्ये ५० बसत नाही हे कळायला इंजिनिअर लागत नाही, पण हे गणित कोणी केलंच नव्हतं.

यातून सुटायचे रस्ते आहेत, पण त्यातले बरेचसे ऑर्डर द्यायच्या आधीच उघडे असतात. फ्रेम २०-२५ मिमी बाहेरच्या बाजूला सरकवून बसवता येते का हे विचारा. मात्र बाहेर खिडकीच्या खाली जी उतरती सिल असते तिच्यावरून पाणी नीट पुढे पडायला हवं, फ्रेम फार बाहेर नेली तर पाणी फ्रेमच्या खालून आत यायला वाट मिळते, त्यामुळे बसवणाऱ्याचं ऐका. दुसरं, हँडल कमी उंचीचं मागा, चपटी हँडलं मिळतात, सरकत्या खिडकीला तर आत दबलेली कडी मिळते जी बाहेर येतच नाही. तिसरं, ब्रॅकेट पुढे आणून ब्लाइंड भिंतीच्या कडेच्या थोडा बाहेर येऊ द्या, दिसायला थोडं वेगळं दिसतं, आठवड्यात सवय होते.

रोलरवाल्यांना एक जुगाड आहे जो मला फार आवडतो. नेहमी कापड रोलच्या मागून, काचेच्या बाजूने खाली पडतं. रोल अख्खा उलटा फिरवून लावला तर तेच कापड पुढून, खोलीच्या बाजूने पडतं आणि रोलच्या जाडीइतकी जागा फुकटात मिळते, हँडल आरामात मागे राहतं. फक्त मग साखळी दुसऱ्या टोकाला जाते, ब्रॅकेटची अदलाबदल करावी लागते, आणि कापडाची मागची बाजू खोलीत दिसते. दोन्ही बाजू सारख्या असतील तर प्रश्नच नाही, नसतील तर कापड नळीवरून सोडवून उलट चिकटवावं लागतं, ते जरा निगुतीचं काम आहे, वाकडं चिकटलं की ब्लाइंड एका बाजूला चढत जातो.

रुंदीचा घोळ

आत बसणारा ब्लाइंड साधारणपणे जागेपेक्षा १० मिमीच्या आसपास कमी रुंदीचा बनवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सुटतात. आता जाड लाकडी चौकट अख्खी काढली की काय होतं बघा. ब्लाइंड ११९०, जुन्या चौकटीच्या आतली रुंदी १२००, चौकटीची दोन्ही बाजूंची लाकडं ५०-५० ची असतील तर चौकट गेल्यावर विटांमधलं अंतर झालं १३००. नवीन फ्रेम मागे बसली, पण ब्लाइंड जिथे लटकतो त्या भागात दोन्ही बाजूंना ५५ मिमीची फट. सकाळी ऊन बरोबर त्या फटीतून डोळ्यावर.

याचा उपाय प्लास्टरवाल्याच्या हातात असतो, किंवा सुताराच्या. कडा प्लास्टरने भरून घ्यायच्या किंवा लाकडी फळ्या लावून घ्यायच्या, पण त्याला 'नीट भरून घ्या' असं सांगू नका, आकडा सांगा: तयार झाल्यावर, रंगासकट, आतली रुंदी १२०२ पाहिजे, वर मध्ये खाली तिन्ही ठिकाणी. आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा, मी तर पट्टीच चिकटवली होती. उलटं पण होतं, प्लास्टर जाड झालं, प्रत्येक बाजूला १२-१५ मिमी खाल्ले आणि ब्लाइंड आत शिरेना.

तिन्ही ठिकाणी मोजायचं कारण जुनी घरं काटकोनात नसतात. रुंदी वर-मध्ये-खाली, उंची डावी-मधली-उजवी, आणि दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान रुंदी ती तुमची रुंदी.

पल्ला कुठल्या बाजूला उघडणार

जुनी खिडकी बाहेर उघडत होती आणि नवीन आत उघडणारी घेताय, तर थांबा. आत उघडणारा पल्ला आणि आत बसलेला ब्लाइंड यांचं भांडण कायमचं. ब्लाइंड पूर्ण वर घेतला तरी त्याचा गठ्ठा वर राहतोच, तो किती उंचीचा होतो ते टेपने मोजा, तेवढी जागा पल्ल्याच्या वर असेल तरच पल्ला उघडेल. नसेल तर एक म्हणजे ब्लाइंड भिंतीवर, खिडकीच्या वर नेऊन लावा, किंवा बाहेर उघडणारी नाहीतर सरकती खिडकी घ्या. फ्रेमच्या वरच्या पट्टीत थोडी थोडी हवा आत येऊ देणारी छोटी जाळी देतात ती पण डोक्यात ठेवा, ती पुढे आलेली असते आणि नेमकी हेडरेलच्या उंचीवर.

मग हे सगळं एका कागदावर लिहून खिडकीवाल्याला द्या. ब्लाइंडची रुंदी, हेडरेलची जाडी, पट्टी उघडल्यावर लागणारी जागा, गठ्ठ्याची उंची, आणि खाली ठळक एक वाक्य की हँडल बसल्यावर भिंतीच्या कडेपर्यंत अमुक इतके मिमी मोकळे राहिले पाहिजेत. आणि मापं घ्यायला माणूस येईल तेव्हा ब्लाइंड जागेवरच ठेवा, त्याला डोळ्यांनी दिसू दे.

ब्लाइंड उतरवताना

आदल्या दिवशी उतरवा, त्याच दिवशी सकाळी घाईत नाही. पहिलं काम फोटो, ब्रॅकेटचे जवळून, साखळी कुठल्या बाजूला आहे ते, आणि टेप धरून कोपऱ्यापासून ब्रॅकेट किती अंतरावर आहे त्याचा एक.

पट्ट्यांचा ब्लाइंड पूर्ण वर घ्या, दोन ठिकाणी कापडाच्या पट्टीने गठ्ठा बांधा (सेलोटेप नको, चिकट डाग राहतो). डबीसारखी ब्रॅकेट असतील तर पुढचं झाकण चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळू उचला, बाजूला किंवा वर सरकतं, दोन्ही टोकांची झाकणं उघडली की हेडरेल पुढे ओढून बाहेर येते. लांब ब्लाइंडला मध्ये अजून एक ब्रॅकेट असतं, ते विसरलात तर तुम्ही ओढत बसाल आणि कुठे अडलंय ते कळणार नाही. दुसरा माणूस हवाच, लाकडी पट्ट्यांचा मोठा ब्लाइंड चांगला जड असतो. रोलरला साखळीच्या विरुद्ध टोकाला बहुतेक वेळा दाबणारी पिन असते, ती आत दाबली की ते टोक सुटतं, मग साखळीचं टोक काढा.

प्रत्येक ब्लाइंडच्या हेडरेलच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून खोलीचं नाव आणि डावं-उजवं लिहा. एका खोलीत दोन खिडक्या सारख्या दिसतात पण ५ मिमीचा फरक असतो आणि तो नेमका उलटा लावताना कळतो. स्क्रू आणि ब्रॅकेट छोट्या पिशवीत भरून त्याच ब्लाइंडला बांधा, 'सगळे स्क्रू एका डब्यात' करू नका.

ठेवताना आडवे, सपाट, जुन्या चादरीत गुंडाळून, ज्या खोलीत काम नाही तिथे. भिंतीला टेकवून उभे ठेवले तर पट्ट्या वाकतात. आणि उतरवलेतच तर धुवून घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून मऊ कापडाने, लाकडाच्या मात्र भिजवायच्या नाहीत, नुसत्या ओलसर फडक्याने पुसायच्या. हेडरेल आणि मोटर असेल तर ती पाण्यापासून लांब.

जुनी खिडकी काढताना

वरच्या मजल्याची खिडकी असेल, किंवा चौकटीच्या वर भिंतीचा भार घ्यायला लिंटेल आहे की नाही याची खात्री नसेल, तर हे स्वतः करू नका. जुन्या बांधकामात कधी कधी वरच्या विटा चौकटीच्याच डोक्यावर बसलेल्या असतात, चौकट ओढली की वरून काय येईल सांगता येत नाही.

जुन्या रंगाचं एक बघा. खूप वर्षांपूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि ते कोरडं घासलं की धूळ होऊन हवेत जातं, लहान मुलांना ती सगळ्यात वाईट. म्हणून पॉलिश पेपरने कोरडं घासायचं नाही, हीट गनने रंग जाळायचा नाही, लाकूड ओलं करून काम करायचं, चांगला मास्क लावायचा, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरायचं आणि शेवटी ते गुंडाळून टाकायचं. झाडूने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. ब्लाइंड दुसऱ्या खोलीत ठेवायचं हेही एक कारण, पट्ट्यांच्या फटीत बसलेली धूळ महिनोन्‌महिने खोलीत पडत राहते.

बाकी क्रम सोपा. आतल्या कडेच्या लाकडी पट्ट्या आणि भिंत यांच्या सांध्यावर कटर फिरवून रंगाचा थर कापायचा, नाहीतर पट्टीबरोबर प्लास्टरचे पापुद्रे येतात. पल्ले बिजागरीतून काढायचे, बिजागरीचे स्क्रू रंगाने भरलेले असतात, आधी त्यांची खाच कोरून साफ करा. काच असलेला पल्ला उतरवायच्या आधी काचेवर चिकटपट्टी फुलीसारखी मारा. मग चौकटीची उभी आणि आडवी लाकडं मधोमध करवतीने कापायची आणि पहारीने आतल्या बाजूला खेचायची, अख्खी चौकट एकसाथ उपटायला गेलात तर भिंतीत गाडलेले लोखंडी होल्डफास्ट अर्धी वीट घेऊन बाहेर येतील. ते कापून काढणं बरं. एका वेळी एकच खिडकी उघडी करा, आणि नवीन फ्रेम दारात आलेली, मोजून तपासलेली असल्याशिवाय जुनीला हात लावू नका.

नवीन बसवताना, प्लास्टरच्या आधी

फ्रेम आणि भिंत यांच्यात प्रत्येक बाजूला ५ ते १० मिमी मोकळे राहतात, तिथे प्लास्टिकच्या पॅकिंग पट्ट्या देऊन लेव्हल आणि ओळंबा बघायचा. फिक्सिंगचे स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० ते २५० मिमीवर आणि दोन स्क्रूंमध्ये ६०० पेक्षा जास्त अंतर नको. मग फोम, आणि फोम भरताना हात आखडता, तो फुगतो आणि पातळ फ्रेम मधून आत ढकलतो, मग पल्ला घासतो आणि सगळे बिजागरीला दोष देतात. बाहेरून सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि सिमेंटला चांगलं नाही, न्यूट्रल मागा.

आता ब्लाइंडसाठी सगळ्यात कामाची गोष्ट, आणि ही फक्त याच टप्प्यावर करता येते. खिडकीच्या वरच्या बाजूला जर फळी किंवा बोर्ड येणार असेल तर तो बंद व्हायच्या आधी ब्रॅकेटच्या जागी मागे एक लाकडी बॅटन घट्ट बसवून घ्या आणि त्याचा टेप धरून फोटो काढा. पोकळ बोर्डात मारलेला स्क्रू आज धरतो, सहा महिन्यांनी ब्लाइंडसकट डोक्यावर येतो. वर काँक्रीटचं लिंटेल असेल तर हॅमर ड्रिलने ६ मिमीचं भोक, प्लास्टिक प्लग, मग स्क्रू. ड्रिल अचानक थांबून नुसतं घासत राहिलं तर खाली सळई आलीये, जोर लावू नका, १०-१५ मिमी बाजूला घ्या.

नवीन फ्रेममध्येच ब्रॅकेट मारायचा मोह होतो, मला पण झाला होता. काच धरणाऱ्या बारीक पट्टीत किंवा पल्ल्यात कधीच भोक पाडू नका, आत लगेच काच असते आणि डबल काचेचं सील एकदा फुटलं की दोन काचांच्या मध्ये धुकं साचतं, ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. बाहेरच्या फ्रेममध्ये मारायचं असेल तर बनवणाऱ्याला विचारून, छोट्या स्क्रूने. गॅरंटी जाते का तेही तेव्हाच विचारा.

परत लावताना

प्लास्टर आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय ब्लाइंड आणू नका. जुनी ब्रॅकेटची मापं फोटोत असली तरी डोळे झाकून तीच वापरू नका, जुनी खिडकी तिरकी होती आणि कोणीतरी ब्रॅकेटखाली पुठ्ठा घालून ती जमवलेली असू शकते, आमच्याकडे दुमडलेलं कार्ड निघालं. नव्याने लेव्हल लावा. ब्रॅकेट टोकापासून थोडं आत, पण हेडरेलमधल्या दोरीच्या यंत्रणेवर येणार नाही अशी जागा बघून.

काच आणि ब्लाइंड यांच्यात साधारण ५० मिमी अंतर ठेवा आणि वर-खाली हवा जायला थोडी फट असू द्या. काचेला अगदी चिकटलेल्या ब्लाइंडमागे ऊन कोंडतं, काचेचा मधला भाग तापतो आणि फ्रेममध्ये दबलेली कड गार राहते, अशा ताणाने डबल किंवा टिंटेड काच आपोआप तडकू शकते, कोणी दगड मारलेला नसताना.

दोरी आणि साखळीची गाठ इथेच सोडवा. लोंबणारा फास लहान मुलाच्या गळ्याला अडकू शकतो, हे गमतीत घेऊ नका. दोरी गुंडाळायचा हूक जमिनीपासून दीड मीटरच्या वर, साखळी असेल तर ती ताणून धरणारी क्लिप भिंतीला, आणि खाली पलंग किंवा खुर्ची नको ज्यावर चढून मूल तिथे पोचेल.

मग तपासणी, रंगवाला जायच्या आधी. ब्लाइंड पूर्ण खाली, पट्ट्या आडव्या, हँडल फिरवा. पट्ट्या उभ्या बंद, हँडल फिरवा. ब्लाइंड पूर्ण वर, पल्ला पूर्ण उघडा.

थोडक्यात हुकला तर

उंची जास्त झाली तर पट्ट्यांच्या ब्लाइंडला सोपं आहे. पूर्ण खाली सोडा, खालच्या जाड पट्टीची बुचं काढा, गाठी सोडा, जास्तीच्या पट्ट्या खालून ओढून काढा, पट्ट्या धरणारी शिडीसारखी दोरी तेवढी कापून परत बुचात बसवा. रोलरला तर काहीच करायला नको, जास्तीचं कापड नळीवरच राहतं.

रुंदी ५-१० मिमीने जास्त झाली तर रोलर कापता येतो, नळी लोखंड कापायच्या करवतीने, कापड नवीन ब्लेडने एका दमात, खालची दांडी तेवढीच. लाकडी किंवा लाकडासारख्या पट्ट्या कापायच्या तर दोन्ही टोकांनी सारख्या कापा, एकाच बाजूने कापल्या तर दोऱ्यांची भोकं मध्यभागावरून हलतात आणि ब्लाइंड तिरका चढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या घरी कापायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, कडा सुरीसारख्या होतात. रुंदी कमी पडली तर कापण्यासारखं काही नाही, कडेला रंगवलेल्या लाकडी पट्ट्या लावून जागाच अरुंद करा.

हॉलच्या त्या ब्लाइंडचं शेवटी हँडल बदलून चपटं घेतलं आणि ब्रॅकेट ३० मिमी पुढे आणली, तेव्हा तो सरळ खाली आला. घडी पडलेली पट्टी फेकली नाही, सगळ्या पट्ट्या सारख्याच मापाच्या असतात म्हणून दोऱ्या सोडून ती सगळ्यात खाली घातली, आता ती सोफ्याच्या मागे जाते.